मोठी डिस्क टाकायच्या आधी टायर आणि ब्रेक ऑइल बघा

घाट उतरताना ब्रेक मऊ पडले की बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिलं काय येतं, तर मोठी डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची थाळी) आणि लाल रंगाचे कॅलिपर (त्या थाळीवर ब्रेकचे पॅड दाबणारे चिमटे). दिसतात भारीच, पण कळकळीने सांगतो, पैसे आधी तिथे घालू नका.

गाडी शेवटी थांबते ती टायरवर. एबीएसवाल्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली धडधडायला लागलं तर समजायचं की ब्रेकची ताकद पुरून उरलीये, पकड टायरची संपलीये, मग डिस्क कितीही मोठी लावा, त्या ब्रेकला गाडी काही अलीकडे थांबत नाही. टायरच्या बाजूला DOT (डॉट) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात ते वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कायद्याने १.६ मिमी नक्षी चालते, पण भर पावसात ताम्हिणी घाटात मी तरी ३ मिमीच्या खाली जाणार नाही.

आता घाटाचं. ब्रेक वेगाची उष्णता करतो, वेग दुप्पट तर उष्णता चौपट, आणि उतारावर पाय सतत पेडलवर असला की डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. मग दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक दोन्हीला "ब्रेक फेल" म्हणतात. पेडल कडक आहे, जळका वास येतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल स्पंजसारखं होऊन खाली जातंय तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं ना, त्यामुळे डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण ओल धरली की उकळायचा अंक १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलून हवा नीट काढून घेणं, यापेक्षा स्वस्तातलं आणि कामाचं अपग्रेड मला माहीत नाही!! फक्त डॉट ५ त्यात मिसळू नका, ते सिलिकॉनचं असतं. ५.१ चालतं.

त्यानंतर चांगले पॅड. रेसिंगचे नकोत, ते गार असताना धरतच नाहीत. नवीन पॅड टाकले की मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत बऱ्यापैकी जोरात, पण पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारा आणि मग गाडी तशीच चालवत गार होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका.

स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) घेतले तर पेडलचा अंदाज छान येतो, बाकी फार काही नाही.

मोठी डिस्क ट्रॅकवर जाणाऱ्यांनी किंवा इंजिनची ताकद वाढवलेल्यांनी जरूर घ्यावी, पण १४ इंची रिममध्ये ती बसते का ते आधी मोजा, आणि नुसती पुढेच टाकली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो हेही मेकॅनिकशी बोलून घ्या. आणि हो, ऑइल बदलताना सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, कारण गॅरेजमध्ये कधीचा उघडा पडलेला डबा आधीच ओल धरून बसलेला असतो.