कमरेमागची हवा

गेली चौदा वर्षे मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या सीटचे आरेखन करतो आणि त्यातली शेवटची तीन वर्षे माझा बहुतेक वेळ सीटच्या पाठीतल्या एका वीतभर भागावर खर्च झाला आहे. मालवाहू ट्रकच्या चालकासाठी, कमरेमागे हवेने फुगणारा आणि पाहिजे तेवढाच फुगवता येणारा आधार तयार करायचा, असे हे काम आहे. पहिला नमुना तयार झाला तेव्हा आम्ही तो चाचणीच्या ट्रकमध्ये बसवला आणि तीस वर्षे घाट चढलेल्या एका चालकाच्या हवाली केला. आमच्याकडे सगळे त्यांना मामा म्हणतात. दोन दिवसांनी ट्रक परत आला तेव्हा आमच्या आधारातली हवा पूर्ण सोडलेली होती आणि त्या जागी पंचाची घट्ट गुंडाळी खोचलेली होती. मी कारण विचारले तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, फुगवायला बटण झकास दिलंय. पण थोडीशी हवा सोडायची म्हटली की सगळीच जाते. पंचा कसा, एक वेढा उलगडला की झालं."

त्या वेळी मला हे बोलणे थोडे झोंबले. आज मात्र या कामाबद्दल मला कोणी विचारले तर मी त्याच वाक्यापासून सुरुवात करतो. पिशवीत हवा भरणे सायकलचा पंप हाताळलेल्या कोणालाही जमते. ती हवा नको त्या दिशेने जाऊ न देणे आणि बसलेल्या माणसाला ती अगदी थोडी थोडी सोडता येणे, यातच आरेखनाची खरी परीक्षा होते.

आधार लागतो कशाला, ते आधी सांगतो. माणूस उभा असतो तेव्हा कमरेच्या पाच मणक्यांची रांग आतल्या बाजूला वळलेली असते. तो बसला आणि मांड्या पुढे आल्या की मांडीमागचे स्नायू ओटीपोटाच्या हाडांना मागे फिरवतात आणि तो बाक सपाट होत जातो. अमेरिकेतील ओमाहा येथील शल्यचिकित्सक कीगन यांनी वेगवेगळ्या बैठकींत क्ष-किरण छायाचित्रे घेऊन १९५३ मध्ये हे दाखवून दिले. पुढे स्वीडनमध्ये नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला आणि आधाराविना बसल्यावर तो उभे असतानापेक्षा अधिक असतो, असे नोंदवले. सीटच्या धंद्यात हे वाक्य मंत्रासारखे म्हटले जाते. परंतु १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के यांच्या गटाने एका स्वयंसेवकाच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीत संवेदक बसवून दिवसभर मोजमाप केले, तेव्हा सैल बसल्यावरचा दाब उभे असतानाच्या दाबापेक्षा थोडा कमीच भरला. स्वयंसेवक एकच असल्यामुळे त्यावरून सगळे जुने मोडीत काढता येत नाही. पण "बसणे म्हणजे चकतीचा घात" असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यांकडे मी तेव्हापासून थोडे सावधपणे पाहतो.

आणखी एक गोष्ट अभियंत्यांना पचायला जड जाते. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात चालकांच्या बैठकीवर जे काम झाले त्यातून असे दिसले की, कमरेमागचा आधार बराच पुढे आणला तरी चालकाच्या कण्याचा बाक फार थोडा बदलतो. उभे असतानाचा बाक काही परत येत नाही. म्हणजे फुगा फुगवून माणसाचा कणा "सरळ" करता येत नाही. त्याची कंबर ज्या स्थितीत स्वखुशीने विसावते त्या स्थितीत तिला टेकण मिळावे, एवढेच आपल्या हाती आहे. बैठकीवरचा लोडही दुसरे काही करत नाही. तो आपण मागेपुढे सरकवतो, उभा-आडवा करतो आणि नकोसा झाला की बाजूला ढकलतो.

आता प्रत्यक्ष पाठीकडे वळू. सीटच्या पाठीत पोलादी चौकट असते, तिच्यावर नागमोडी तारांची जाळी ताणलेली असते, जाळीवर साच्यात ओतलेला फोम आणि फोमवर कव्हर. हवेची पिशवी, जिला आम्ही सगळे ब्लॅडरच म्हणतो, ती जाळी आणि फोम यांच्यामध्ये बसते. मामांच्या ट्रकमध्ये नमुना जाण्याआधी केलेल्या पहिल्या कच्च्या जुळणीत ती नुसती जाळीवर ठेवली होती. बटण दाबल्यावर पंपाचा आवाज आला, दाबमापकाचा काटा वर चढला, पण कमरेला काहीच जाणवेना. मी उठून सीटच्या मागे गेलो तर मागचे प्लास्टिकचे आवरण पोळीसारखे टम्म फुगलेले! पुढे माणूस आणि फोम रेटा देत होते, मागे फक्त लवचिक तारा होत्या. हवेने सोपी वाट धरली. तेव्हापासून ब्लॅडरच्या मागे पॉलिप्रॉपिलीनची ताठ पट्टी आलीच. पट्टी फार ताठ ठेवली तर हवा सोडल्यावरही तिची कड टोचते, म्हणून तिच्या कडा पातळ करून मागे वळवाव्या लागल्या.

नंतर पिशवीच्या आकाराची पाळी आली. दोन चौकोनी पडदे चारी बाजूंनी चिकटवून हवा भरली की मध्यभाग चेंडूसारखा वर येतो, आणि सीटच्या मध्यरेषेवर माणसाच्या पाठीत नेमकी मणक्यांची टोके असतात. टेकण हवे असते ते दोन्ही बाजूंच्या स्नायूंना. म्हणून पिशवीच्या मधोमध उभी सांधरेषा घेऊन दोन पाकळ्या केल्या, आणि कडेला घड्या घातल्या, म्हणजे ती पेटीच्या भात्यासारखी समांतर उघडते. कापड म्हणून पॉलियुरेथेनचा पातळ पडदा वापरतो आणि तो उच्च वारंवारतेच्या वेल्डिंगने सांधतो. या पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती आहेत: पॉलिएस्टर जातीचे झिजेला टिकते परंतु दमट उष्ण हवेत पाण्यामुळे हळूहळू कुजते, आणि पॉलिइथर जातीचे दमटपणा सोसते. ज्या ट्रकला पावसाळाभर कोकणातून जा-ये करायची आहे त्याच्यासाठी मी दुसरीच जात निवडतो, मग खरेदी विभाग कितीही कुरकुरला तरी.

उंचीचा प्रश्न मात्र कोणत्याही कापडाने सुटत नाही. कमरेवर हात ठेवल्यावर बोटांना ओटीपोटाच्या हाडाची जी वरची कड लागते, साधारण तिच्याच पातळीवर चौथा मणका असतो. बुटक्या आणि उंच माणसांत ही पातळी काही सेंटिमीटरनी बदलते, म्हणून एकावर एक दोन किंवा तीन कप्पे देतात आणि हवा खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात वळवून फुगवटा वर-खाली नेतात. फुगवटा खाली त्रिकास्थीवर, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडावर, आला तर तो आधार न राहता माणसाला सीटवरून पुढे ढकलणारा हात होतो. त्यामुळे फुगवट्याखाली नितंब मागे सरकायला पोकळी ठेवणे हे फुगवट्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि स्वस्त सीटमध्ये नेमकी तीच नसते.

दाबाचा हिशेब साधा आहे, तरी तो केल्यावर नवे अभियंते चकित होतात. आमचा ब्लॅडर २० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच आहे. त्यात बाहेरच्या हवेपेक्षा केवळ ५ किलोपास्कल अधिक दाब असला तरी पाठीवर सुमारे १२० न्यूटन, म्हणजे बारा किलो वजनाचा रेटा येतो. त्याउलट ट्रकच्या ब्रेकची हवा टाकीत सुमारे ८ बार, म्हणजे ८०० किलोपास्कल दाबाने साठवलेली असते, आणि सीटला हवा तिथूनच मिळते. मध्ये दाब उतरवणारा रेग्युलेटर आणि हवेची वाट अरुंद करणारे छिद्र नसेल तर बटणाला बोट लागताच चालक स्टिअरिंगवर येऊन आदळेल. सीटची नळी फुटली तर ब्रेकची हवा निघून जाईल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. तशी ती जात नाही, कारण ब्रेकचे मार्ग आणि सीटसारखी पूरक उपकरणे संरक्षक व्हॉल्व्हने एकमेकांपासून वेगळी केलेली असतात.

पण ५ किलोपास्कल हा आकडा फसवा आहे, कारण तो बाहेरच्या हवेच्या वरचा आहे. पुण्यात बाहेरचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल धरला तर ब्लॅडरमधल्या हवेचा एकूण दाब १०० होतो. सकाळी २५ अंशांना तोंड बंद केलेला ब्लॅडर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या केबिनमध्ये ६० अंशांपर्यंत तापला, आणि त्याला फुगायला जागाच नसली, तर एकूण दाब सुमारे ११२ होतो. एकूण दाबात वाढ फक्त बारा टक्क्यांची, पण पाठीला जाणवणारा दाब ५ वरून जवळजवळ १७ वर जातो, म्हणजे तिपटीहून अधिक! प्रत्यक्षात पिशवी थोडी ताणते आणि फोम थोडा दबतो, म्हणून वाढ इतकी होत नाही; तरीही जेवून परतलेला चालक सीटवर बसताच "कोणीतरी मागून गुडघा लावलाय" असे म्हणतो ते उगीच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, परंतु इंजिन बंद करून धाब्यावर उभ्या केलेल्या ट्रकला त्याचा उपयोग नाही. तीच गोष्ट समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची. लेहला हवेचा दाब सुमारे ६५ किलोपास्कल असतो; पुण्यात बंद केलेली हवा तिथे मोकळी पसरू दिली तर दीडपट जागा मागते. म्हणून ठरावीक दाबाच्या वर आपोआप उघडणारा छोटा व्हॉल्व्ह आम्ही हवेच्या नळीवर बसवला.

गळतीचा एक किस्सा मध्येच सांगतो. एका तुकडीतल्या काही सीट रात्रभरात हळूच मऊ पडत. दाबमापकाने गळती आहे एवढे कळे, पण ती कुठे आहे ते कळेना. शेवटी आमच्या एका मदतनिसाने पंक्चरवाल्यासारखे घमेले भरून आणले आणि ब्लॅडर त्यात बुडवला. सुईच्या टोकाएवढ्या जागेतून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. कव्हर ओढून बांधण्यासाठी ज्या तारेच्या कड्या मारतात, त्यांतल्या एकीचे तोंड नीट न मिटता फोममधून आत वळले होते. दोष आमच्याच मांडणीचा होता, कारण कडीची रेषा आणि ब्लॅडरची कड यांत मी बोटभरसुद्धा अंतर ठेवले नव्हते.

आता मामांच्या तक्रारीकडे येतो. फुगवलेल्या स्थितीत आमच्या ब्लॅडरमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण लिटर हवा मावते. ती सोडण्याची वाट मोठी ठेवली की बटण क्षणभर दाबताच निम्मी हवा निघून जाते. शिवाय हवेचा वेग माणसाच्या टेकण्यावर अवलंबून असतो. पाठ जोराने टेकलेली असेल तर हवा भसकन बाहेर पडते आणि माणूस बटण शोधायला पुढे वाकला असेल तर ती हलतही नाही, कारण तिला ढकलणारे कोणी नसते. चालकाच्या दृष्टीने एकच बटण दोन वेळा दोन तऱ्हांनी वागते, आणि वाहन चालवताना अशा वस्तूवरचा विश्वास लगेच उडतो. आम्ही सोडण्याच्या वाटेवर एक मिलिमीटरहून लहान छिद्र बसवले आणि बटण सीटच्या बाजूला अशा जागी आणले की पाठ न उचलता हात सहज खाली सोडला की बोट त्यावर पडावे. एका दाबात फुगवटा दोन-तीन मिलिमीटरच कमी व्हावा, असे छिद्राचे माप ठरवायला सात नमुने लागले.

त्याच वेळी फुगवट्याची कमाल मर्यादाही मी कमी केली, आणि यावर आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. दालनात सीट दाखवताना मोठा फुगवटा लगेच जाणवतो आणि ग्राहकावर छाप पडते, हे मलाही मान्य आहे. परंतु कंबर पुढे ढकलली की खांदे आणि डोकेही पुढे येतात, डोके आणि मागचा डोकेटेका यांतले अंतर वाढते, आणि मागून धडक बसली तर तेच अंतर मानेला महाग पडते. चाचणीतल्या बहुतेक चालकांनी तासाभरानंतर आधार कमाल फुगवट्याच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवलेला आढळला, आणि लांबच्या फेरीत ते तो दर थोड्या वेळाने किंचित वाढवत किंवा कमी करत होते. मग वरचा उरलेला भाग मी कोणासाठी राखून ठेवायचा?

सातव्या नमुन्यासह मामा गेल्या आठवड्यात सोलापूरला जाऊन आले. पंचा या वेळी खांद्यावर होता. हवा सोडताना लहान छिद्रातून जी बारीक शिट्टी वाजते ती रात्री केबिनमध्ये फार ऐकू येते आणि शेजारी झोपलेला क्लीनर दचकून उठतो, अशी त्यांची नवी तक्रार आहे. छिद्राच्या तोंडावर सच्छिद्र फोमची छोटी गुंडी बसवून आठवा नमुना सोमवारी ट्रकमध्ये चढेल.