पाणी हिरवं झालं म्हणजे बिघडलं का?

मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतोच. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सकाळी फिरणारे विचारतात, कंबर तलावाजवळ राहणारे विचारतात, गच्चीवरच्या टाकीत डोकावून आलेली शेजारीणही विचारते, "मॅडम, पाणी हिरवं पडलंय. बिघडलंच म्हणायचं ना?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसत्या रंगावरून ते ठरत नाही. पाण्यात नेमकं कोण वाढलंय, हे आधी बघावं लागतं.

तलावाच्या एखाद्या पायरीशी वाकून बघा. हाताला लागणारे लांब, गर्द हिरवे, केसांसारखे धागे असतील तर ते स्पायरोगायरा किंवा त्याच्या भावकीतलं हिरवं शैवाल. पाण्याखालच्या दगडावर पाय घसरवणारा तपकिरी, बुळबुळीत थर असतो, त्यात मुख्यत्वे डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेले एकपेशी जीव. आणि वारा पडलेल्या सकाळी काठाला जो निळसर हिरवा तवंग जमतो तो सायनोबॅक्टेरियाचा, बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिसचा. आपण तिघांनाही शेवाळ म्हणतो, पण त्यांचं एकमेकांशी नातं फार दूरचं आहे. स्पायरोगायरा ज्या शाखेतला, तिच्याच जवळून पुढे जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती आल्या, म्हणजे आपली ज्वारीसुद्धा त्याच्या नात्यातली. तवंगातला मायक्रोसिस्टिस हा सरळ सरळ जिवाणू, त्याच्या पेशीत केंद्रकच नाही. डायटम तर वनस्पतींच्या घराण्यातलेच नाहीत, समुद्रातल्या मोठमोठ्या तपकिरी शैवालांचे ते चुलत भाऊ. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजाने एक लाल शैवाल गिळलं आणि न पचवता पेशीत ठेवून घेतलं, त्यातूनच त्यांना हरितलवकं, म्हणजे उजेडावर अन्न तयार करणारे पेशीतले भाग, मिळाली. त्यात फ्युकोझँथिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं, म्हणून ते सोनेरी तपकिरी दिसतात.

या तिघांत माझा जीव डायटमवर. लोक त्यांना घाण समजून घासून काढतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. एकदा बघा तरी. जुना टूथब्रश घ्यायचा, पाण्यातला मुठीएवढा दगड उचलायचा, पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेऊन त्यात तो घासायचा. पाणी तपकिरी झालं की त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. नॅव्हिक्युला नावाचा डायटम सापडला की मी विद्यार्थ्यांना काही न बोलता फक्त बघायला सांगत असे. दोन्ही टोकांना निमुळता, दोन्ही कडांना एकेक सोनेरी पट्टी, मध्ये स्वच्छ पारदर्शक. असे वीस-पन्नास एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. तो सरळ रेषेत घसरत जातो, वाळूच्या कणाला टेकतो, क्षणभर थांबतो आणि अंग न वळवता त्याच वाटेने मागे येतो. ना पाय, ना शेपटी. त्याच्या कवचाला मधोमध एक बारीक चीर असते, तिच्यातून चिकट द्रव पाझरतो आणि त्याच्या आधाराने तो सरकतो.

ते कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच. ही सिलिका येते खडकातून. आपल्या पायाखाली सगळा दख्खनचा काळा दगड. पावसाचं पाणी तो अगदी सावकाश झिजवतं, आणि विरघळलेली सिलिका ओढ्यांतून, विहिरींतून, तलावांतून या जीवांपर्यंत पोहोचते. सोलापूरच्या काळ्या पाषाणाची अशी नक्षीदार काच होते, हे मला आजही नवल वाटतं.

कवचाचे दोन भाग असतात, एक थोडा मोठा, एक थोडा लहान, झाकणाच्या डब्यासारखे एकात एक बसलेले. पेशी दुभंगली की प्रत्येकीच्या वाट्याला एक भाग येतो, तिचं झाकण तेच होतं आणि खालचा नवा भाग तिला आत बसेल एवढाच घडवावा लागतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक डायटमचं सरासरी आकारमान घटत जातं. फार लहान झाले की लैंगिक प्रजनन होतं, जुनं कवच टाकून पेशी फुगते आणि पुन्हा पूर्ण मापाचं नवं कवच तयार होतं. एकाच जातीचे लहानमोठे नमुने का दिसतात, याचं उत्तर यात आहे. नव्याने ओळखायला शिकणारी मुलं इथेच फसतात. मापावर जायचं नाही, कवचावरच्या रेषा मोजायच्या. दहा मायक्रोमीटरमध्ये (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किती रेषा बसतात, त्या समांतर की तिरप्या, चीर कुठे संपते, अशा खुणांवरून जात ठरते. त्यासाठी नमुना आम्लात उकळून सेंद्रिय भाग घालवावा लागतो, उरतात ती नुसती कवचं.

आपल्या भागातलं हे काम नवं नाही. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर, पन्हाळा, धारवाड या परिसरातले गोड्या पाण्यातले डायटम तपासले आणि कित्येक नव्या जातींची शास्त्रीय नोंद केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर आजही काम चालतं. जगभर बारा हजारांहून अधिक जातींचं वर्णन झालं आहे आणि न नोंदलेल्या त्याहून जास्त असाव्यात असा अभ्यासकांचा कयास आहे. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे पाचवा हिस्सा डायटमचा, त्यातला मोठा भाग समुद्रातला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. प्रत्येक जातीला सोसेल असं पाणी ठरलेलं असतं. निट्झिया पेलिया नावाचा डायटम सांडपाण्यातही जोमाने वाढतो, काही जातींना मात्र स्वच्छ, वाहतं पाणीच लागतं. म्हणून दगडावरचा थर तपासला की त्या पाण्याचे मागचे काही आठवडे कसे गेले ते कळतं. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या क्षणाचं सांगतं. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाण्यातल्या जीवांवरून प्रदूषण ओळखायची पद्धत मांडली होती, आणि युरोपात आज नद्यांच्या तपासणीत डायटम रीतसर मोजले जातात. आपल्याकडे प्रत्येक तलावासाठी हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. खर्च फार नाही, डोळा तयार व्हावा लागतो.

तवंगाची मात्र काळजी करा. सांडपाणी, साबण, निर्माल्य, शेतातलं खत यांतून पाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन येतो. सिलिका काही त्या वेगाने येत नाही. डायटम असलेली सिलिका वापरून संपवतात आणि मेल्यावर ती घेऊन तळाशी बसतात. मग उरलेल्या फॉस्फरसवर ज्यांना सिलिका लागतच नाही त्यांचं फावतं. साचलेलं पाणी आणि ऊन जोडीला असलं तर सायनोबॅक्टेरियाला आणखी काय हवं? उजनी धरणात वरच्या शहरांचं पाणी भीमेतून येतं, आणि आपला उन्हाळा चाळिशी पार करतो. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत वायूच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे तो वर तरंगून सगळा उजेड स्वतःकडे घेतो. त्याचे काही वाण मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात, ते यकृतावर जातं. पाणी उकळून ते जात नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जनावरांनाही असल्या पाण्यावर सोडू नका.

ओळखायचं कसं? एक काठी पाण्यात घालून वर काढा. धागे लोंबत आले तर ते हिरवं शैवाल, दिसायला वाईट असलं तरी सहसा विषारी नाही. काठीला रंग फासल्यासारखा लेप बसला तर सायनोबॅक्टेरियाचा संशय घ्या. दुसरी खूण म्हणजे काचेच्या बरणीत ते पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी हिरवा थर वर आला तर संशय पक्का, खाली बसला तर बहुधा हिरवं शैवाल किंवा डायटम. हे करताना हातमोजे घाला. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

गच्चीवरच्या टाकीचं सोपं आहे. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, साठवावं लागतंच. शैवालाला उजेड लागतो, तेव्हा झाकण घट्ट हवं आणि टाकी आत उजेड न येणारी. आतून हिरवी झाली असेल तर रिकामी करून घासा. नळाच्या पाण्याला कधी मातकट वास येतो, तो बहुतेकदा जिओस्मिनचा. पहिल्या पावसात मातीला येणारा वासही त्याचाच. तो स्वतः विषारी नाही.

आणि कुणी म्हणालं, "मोरचूद टाका, दोन दिवसांत तलाव साफ," तर त्यांना थांबवा. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, कॉपर सल्फेट. मोरचुदाने पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं, मेलेलं शैवाल सडताना प्राणवायू संपून मासे मरतात, आणि फॉस्फरस गाळात तसाच राहतो, पुढच्या उन्हाळ्यासाठी. आधी तलावात येणारं सांडपाणी कुठून येतं ते शोधा. तक्रार करायला जाल तेव्हा तवंगाचा फोटो, तारीख आणि त्या नाल्याचं तोंड, तिन्ही सोबत न्या.