उणे चाळीस

बुधवार, रात्र

सर्व्हिसिंगनंतर गाडीत इंजिनचा दिवा का लागला ते कळलं. तरी झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

"नवीन ऑईल आहे मॅडम, सेट व्हायला वेळ लागतो. दोन दिवसांत आपोआप जाईल." हे गॅरेजमधला मुलगा माझ्याकडे न बघता बोलला, पुढच्या गाडीचं बॉनेट उघडता उघडता. नवीन ऑईल सेट होतं म्हणजे नेमकं काय होतं, असं मी विचारलंही. तो नुसता हसला. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून मला सांगायची गरज वाटली नाही? दोन्हींतलं काय जास्त वाईट, हे काही केल्या ठरत नाही.

मामा असते तर ही वेळच आली नसती. त्यांनी गॅरेज बंद केल्यापासून प्रत्येक सर्व्हिसिंगला माझ्या पोटात गोळा येतो. गाडी बाबांची, काळजी माझी. दादा नाशिकहून फोनवर म्हणतो, विकून टाक. बाबांच्या पश्चात त्याने तिच्यावरून साधं फडकंसुद्धा फिरवलेलं नाही. पुढे जे बोलणं झालं ते इथे नको.

लायसन्स मिळालं तेव्हा मामांनी दिव्यांचा धडा घोकून घेतला होता. इंजिनचं पिवळं चित्र नुसतं लागून राहिलं तर घाबरायचं नाही, पण लवकर तपासायचं. तेच लुकलुकायला लागलं तर इंजिन मिस होतंय, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. आणि तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं तर असशील तिथे गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, घर शंभर पावलांवर असलं तरी. माझं चित्र पिवळं होतं, स्थिर होतं. तरीही काल कर्वे रस्त्यावरून येताना कान सारखे इंजिनकडे. रोजचेच आवाज, पण एकेक नवा वाटायला लागला.

आज संध्याकाळी भाचा त्याचा स्कॅनर घेऊन आला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ती काडेपेटीएवढी वस्तू खोचली आणि मोबाईलवर कोड आला: पी०११३. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. मग त्याने चालू आकडे उघडले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. "मावशी, तुझ्या गाडीच्या मते आत्ता पुण्यात उणे चाळीस आहे."

मे महिना. पार्किंगमध्ये उभं राहून दोघंही घामाने निथळत होतो.

कारण साधं निघालं. हवा गार असली की या सेन्सरचा विद्युत रोध वाढतो, तापली की कमी होतो. प्लगच निघाला तर सर्किट तुटतं, म्हणजे रोध अमर्याद, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्याचा अर्थ जमेल तेवढी कडाक्याची थंडी असा लावतो. एअर फिल्टर साफ करायला डबा उघडला असणार, तेव्हा प्लग काढला, परत टेकवला, पण दाबून बसवला नाही. भाच्याने तो दाबला, खट्ट झालं, आकडा एकदम त्रेचाळिसावर. बॉनेटखाली तेवढं असणारच. कोड पुसून टाकू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. दोष पुन्हा सापडला नाही की काही वेळा गाडी चालवल्यावर दिवा आपला आपण विझतो म्हणे. म्हणजे त्या मुलाचं "आपोआप जाईल" खरं होईल, पण दुसऱ्या कोणी प्लग बसवला म्हणून.

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण बॉनेट उघडंच होतं आणि मामांची सवय अंगात भिनलेली, म्हणून ऑईलची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, काढली. पुसून पुन्हा घातली, काढली. ऑईल वरच्या खुणेच्याही चांगलं बोटभर वर. पुस्तिकेत फिल्टरसकट ३.१ लिटर लिहिलंय, बिलावर ३.५. ऑईल जास्त झालं तर फिरणारा क्रँकशाफ्ट त्यात आपटतो, रवीने घुसळावं तसा फेस होतो, आणि फेसाने धातूवर तेलाचा थर धरत नाही. भाचा टॉर्च घेऊन खाली वाकला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, हा ऑईल फिल्टर नवा नाहीये."

त्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिलेले होते. मामांचं अक्षर. ते प्रत्येक फिल्टरवर लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी वाद नको.

बिलात ऑईल फिल्टरचे पैसे लावलेत. रक्कम किरकोळ आहे. तरी मी तिथेच रडले, भाच्यासमोर, आणि त्याला वाटलं पैशांसाठी. त्याला काय सांगणार होते? जुन्या फिल्टरमध्ये जुनं काळं ऑईल राहिलं, त्यावर मापापेक्षा जास्त नवं ओतलं, आणि कॉम्प्युटरला यातलं काहीही कळलं नाही. सैल प्लगसाठी दिवा लागला. तुंबलेल्या फिल्टरची बायपास झडप उघडून न गाळलेलं ऑईल इंजिनभर फिरलं असतं, तरी एकही दिवा लागला नसता. लाल किटलीला फक्त दाब कळतो, तोही अगदी उतरल्यावर. कुठल्या ग्रेडचं ऑईल घातलं, किती जुनं, फिल्टर बदलला की नाही, हे या गाडीत फक्त बदलणाऱ्या माणसाला माहीत असतं. मला दिव्याची भीती वाटत होती. आता वाटतं, तो लागला नसता तर मी आनंदाने सातारा गाठायला निघाले असते, खंबाटकीचा चढ तसाच चढले असते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मुलाचं वय असेल एकोणीस-वीस. दारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आतून मालक ओरडतोय. फिल्टर त्याने चोरला की त्याला नवा दिलाच नाही, कोण जाणे. त्याला तारीख लिहायला कोणी शिकवलं नसेल. मामांच्या गुडघ्यांनी उत्तर दिलंय, त्यांच्या शेडच्या जागी इमारत उभी राहतेय. त्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. डिपस्टिक बघता येते मला. टॉर्च घरात आहे.

उद्या साताऱ्याला आत्याकडे स्वारगेटहून एसटीने जाईन, तसा फोन केला. शुक्रवारी परतल्यावर नाना पेठेतून फिल्टर आणि पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑईल आणायचं. शनिवारी सकाळी मामांच्या हाताखाली होता तो मेकॅनिक घरी येतोय. सगळं काढून नव्याने भरू, तोवर गाडी सुरू करायची नाही. मी शेजारी उभी राहणार आहे. नंतर जुना फिल्टर आणि बिल घेऊन त्या गॅरेजच्या मालकाकडे जायचं आणि पैसे परत मागायचे. तो मुलगा तिथे असला तर त्याला बाजूला घेऊन सांगेन, की तो प्लग खट्ट आवाज येईपर्यंत दाबायचा असतो.