सुरीच्या कडेवरच्या दोन रेघा: माझा अनुभव

सुरी बनवताना पोलादी पट्टीतून पातं कापून झालं की ते सरळ ग्राइंडरवर न्यावंसं वाटतं. पण धारेकडे निमुळते होणारे दोन्ही बाजूंचे उतार सारखे येणार की एक बाजू जास्त खाल्ली जाणार, हे धारेच्या कडेवरच्या आखणीवर ठरतं. मी मधोमध एक रेघ मारत नाही, दोन मारतो.

पट्टी ४ मिमीची असेल तर हाइट गेज (ठरलेल्या उंचीवर रेघ ओढणारं उभं मोजमाप) १.७ मिमीवर लावायचा, पातं आडवं ठेवून कडेवर रेघ ओढायची, मग पातं उलटं करून त्याच मापावर दुसरी. मध्ये ०.६ मिमी उरतात; घासताना दोन्हीकडून या रेघांपर्यंतच यायचं. पाणी देण्याआधी (म्हणजे पातं तापवून, तेलात बुडवून कडक करण्याआधी) धारेला साधारण एवढी जाडी हवी; त्याहून पातळ कड तेलात बुडवताना वाकडी होते. आता ४ ची म्हणून आणलेली पट्टी ४.१ निघाली तर? मधली फट ०.७ होईल, एवढंच. दोन्ही रेघा मध्यापासून सारख्याच अंतरावर राहतात. एकच मधली रेघ असती तर ती नकळत एका अंगाला सरकली असती.

हाइट गेज महाग वाटला तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून ३.५ मिमीचा ड्रिल बिट आणा. सपाट जागी आडवा ठेवला की त्याचं टोक १.७५ वर येतं. टोक सुईसारखं नसून छिन्नीसारखं असतं, त्यामुळे रेघ जाडसर पडते, सुरुवातीला चालतं. कमानीचा पाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) नरम न करता वापरत असाल तर मात्र रेघ फिकी पडते.

खाली ठेवायला ओट्याचा कडाप्पा नको, त्यावर पातं डुगडुगतं. जाड काचेचा तुकडा पुरतो. पट्टीवरचा काळा पापुद्रा आणि हॅकसॉची बर (कापताना कडेला उरलेली धातूची कूस) आधी कानशीने काढा, नाहीतर पातं त्या बरीवर उचललं जातं आणि रेघ तिरकी जाते.

रेघ दिसायला मार्कर लावतात, पण तो ग्राइंडरच्या उष्णतेने आणि बादलीतल्या पाण्याने जातो. मी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरतो: अर्ध्या ग्लास पाण्यात चमचाभर, वर थोडं व्हिनेगर. थिनरने पुसलेल्या कार्बन स्टीलवर तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर रेघ चकाकते. तेलाचं बोट लागलं तर तिथे डाग राहतो. स्टेनलेसवर हे नीट धरत नाही, तिथे निळी मार्किंग शाईच बरी. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, ग्लास स्वयंपाकघरातला नको. पावसाळ्यात आपल्याकडे घासलेलं पोलाद रातोरात तांबूस होतं, म्हणून आखणी आणि घासणं एकाच दिवशी.

रेघ एकाच ओढीत, हलक्या हाताने. पुन्हा गिरवली की शेजारी दुसरी उमटते. उतार जिथे संपतो ती आडवी खूण गुण्याने (काटकोन मापायच्या हत्याराने) पाठीवरून दोन्ही बाजूंना न्यायची, पण खोल नाही: तिथला धारदार ओरखडा पाणी देताना तडकायला निमित्त होतो.