तुम्ही विचारलंत म्हणून: हा पिवळा कुणाचा?

"तुमच्यावर टर्नरचा प्रभाव आहे ना?" प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी विचारतंच. टर्नर म्हणजे धुक्याचा, पिवळ्या उजेडाचा इंग्रज चित्रकार. "आहे थोडा" म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. थोडा नव्हता.

१८४४ सालचं त्याचं 'रेन, स्टीम अँड स्पीड' हे चित्र मी छापील पानावरून इतक्यांदा उतरवलं, की पुढे धुकं रंगवायला मला धुकं लागेनासं झालं. ओल्या कागदावर पिवळा सोडायचा, कडा विरघळू द्यायच्या. लोक वाहवा करायचे.

मग बारा निसर्गचित्रं घेऊन मी एका ज्येष्ठ चित्रकारांकडे गेले. त्यांनी ती जमिनीवर मांडली. बराच वेळ बोललेच नाहीत. शेवटी एका चित्रावर बोट ठेवलं. "वारा कुठून आहे?"

मी पाहिलं. चुलीचा धूर डावीकडे चालला होता आणि पाऊस उजवीकडे झोडपत होता.

"जागेवर बसून केलंस?"

"हो."

खरंच बसले होते, तीन तास. तेच जास्त लागलं. न जाता रंगवलं असतं तर निदान आळशीपणा म्हणता आला असता. समोर आभाळ असताना मी पानावरचं आभाळ रंगवत होते. "उचल आता," एवढंच ते म्हणाले. चित्रं गोळा करताना एकाचा कोपरा दुमडला, तो अजून तसाच आहे.

त्यानंतर जॉन कॉन्स्टेबल, टर्नरच्याच काळातला इंग्रज चित्रकार. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्याने ढगांचे जे अभ्यास केले, त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. मीही लिहायला लागले. सहा वर्षं पॅलेटवर पिवळा घेतला नाही आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत राहिले. आज ती चित्रं काढून बघते तेव्हा वारा अचूक आहे, पण बऱ्याच चित्रांत उजेडच नाही. मग वाटतं, ती बारा चित्रं इतकी खोटी होती का? टर्नरनेही त्याच्या आधीच्या क्लोद लोरें या फ्रेंच चित्रकाराचं बोट धरलं होतंच. आपली दोन चित्रं क्लोदच्या चित्रांशेजारी लावावीत, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं. मग मीच का खाली मान घालायची? पण त्याला क्लोद दिसत होता आणि समुद्रही. मला तेव्हा समोरचा पाऊस दिसला नव्हता, हे नाकारता येत नाही.

परवा पाऊस थांबता थांबता पश्चिमेला तसाच पिवळा उजेड पडला. मी आधी वारा पाहिला, कागदामागे दिशा लिहिली, मग पिवळा लावला. आभाळातला की पानावरचा, ते मला ठरवता आलेलं नाही.