सिएम रीपच्या बाजारातली कोंबडी

टूर मॅनेजरचं निम्मं काम मोजण्याचं: डोकी, पासपोर्ट, बॅगा. कंबोडियाच्या टूरमध्ये अंगकोरचा सूर्योदय पाहून परतलो, तर नाश्त्याला एक डोकं कमी. गुडघे दुखतात म्हणून मागे राहिलेले नवापूरकडचे काका, पोल्ट्रीवाले, एकटेच बाजारात गेले होते.

सापडले तेव्हा ते उकिडवे बसले होते. एका हातात कोंबडीचे पंख धरलेले, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं छातीचं हाड चाचपत होते. मग पिसांवर फुंकर मारून कातडी पाहिली. शेजारी पाय बांधलेली बदकं, चपलांखाली विष्ठेचा चिखल. "हाड वर आलंय, खाणं बरं नाही हिला," मला म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. २०२३ च्या फेब्रुवारीत याच देशात, प्रे वेंग प्रांतात, अकरा वर्षांची मुलगी बर्ड फ्लूनं दगावली होती. आणि काकांना मी काय सांगणार? २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच सापडला. स्वतःच्या शेडमधल्या कोंबड्या खड्ड्यात जाताना त्यांनी पाहिल्या होत्या.

हॉटेलात साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. कपडे वेगळे काढले, चपला पिशवीत गाठ मारून टाकून दिल्या.

चौथ्या दिवशी नोम पेन्हमध्ये ताप, १०१. दवाखान्यात पाय ठेवताच मी कोंबडीचं आणि किती दिवस झाले ते सांगितलं. डॉक्टरनं तिथल्या तिथे मास्क चढवला, काकांना वेगळ्या खोलीत नेलं, नाका-घशाचा स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू केलं. ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर ते सर्वांत चांगलं लागू पडतं. ऑफिसातून फोन आला: "नुसता ताप सांगायचास, कोंबडीचं कशाला काढलंस? फ्लाइट चुकणार आता." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. न सांगता पॅरासिटामॉलवर भागवलं असतं आणि तो खरंच बर्ड फ्लू असता तर?

रिपोर्ट आला, साधा फ्लू निघाला.

माझी चूक मात्र माझ्याजवळच आहे. माझ्या ब्रीफिंगमध्ये पाणी होतं, पाकीटमार होते, पक्षी नव्हते. लोक विचारतात, तिकडे चिकन खावं का? नीट शिजलेलं खुशाल खा, पण जिवंत कोंबड्या-बदकांच्या बाजारात पाऊल टाकू नका, हे आता मी विमानतळावरच सांगते. काकांना विचारलं होतं, माहीत असून हात का लावलात? म्हणाले, "चाळीस वर्षांची सवय गं पोरी. हात आपोआप गेला."

परतल्यावर दहा दिवस ते शेडमध्ये गेले नाहीत. मुलगा दाणापाणी करायचा, आणि काका कुंपणाबाहेर उभे राहून आवाज ऐकायचे, असं काकूंनी फोनवर सांगितलं.