एकाच शनिवारी दोन पांढऱ्या सेडान

गाड्यांच्या शोरूममध्ये मला अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार सेल्स मॅनेजर म्हणून. म्हणजे एक्झिक्युटिव्ह गिऱ्हाइकाशी बोलतो, पण डिस्काउंटच्या आकड्यावर शेवटची सही माझी. त्या शनिवारला तीन महिने होऊन गेले तरी तो डोक्यातून जात नाहीये, घरी पण दोनदा विचारून झालं की काय चाललंय तुझं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढू.

आधी एक गोष्ट सांगतो, ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. यार्डात उभी असलेली नवी गाडी बहुतेक वेळा डीलरच्या स्वतःच्या पैशाची नसते. स्टॉक फंडिंग, म्हणजे गाड्या उचलायला मिळणारं कर्ज, घेऊन कंपनीकडून उचललेली असते आणि त्यावर रोजचं व्याज चढत असतं, गाडी विकली जाईपर्यंत. म्हणून आमच्या सकाळच्या स्टॉक शीटमध्ये रंग आणि व्हेरियंटच्या पुढे एजिंगचा कॉलम असतो, गाडी किती दिवस पडून आहे त्याचा. ३० दिवसांच्या आतली ताजी, ६० च्या पुढे गेली की विषय निघायला लागतो, आणि ९० ओलांडले की जीएम, म्हणजे आमचा जनरल मॅनेजर, चेसिस नंबर वाचून विचारतो, ही अजून इथेच का. अशा जुन्या स्टॉकवर कंपनी कधीकधी वेगळा सपोर्ट देते, म्हणजे ती गाडी हलवायला डीलरला जास्तीचे पैसे. ते गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचे की स्वतःकडे ठेवायचे हे डीलरच्या हातात असतं आणि गिऱ्हाइकाला बहुतेकदा असं काही आहे याचा पत्ताच नसतो.

आमच्याकडे अशी एक पांढरी सेडान होती, मधला व्हेरियंट, १४३ दिवसांची. गाडीत काहीही खोट नव्हती हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आमचा यार्डचा माणूस गाड्यांना जीव लावणारा आहे, बॅटरी उतरू नये म्हणून तिला चार्जिंगला लावायचा, टायर एकाच जागी दबून बसू नयेत म्हणून अधूनमधून पुढेमागे करायचा. पण १४३ दिवस म्हणजे १४३ दिवस, तेवढा भाव तिचा कमी व्हायलाच हवा.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक ताई आल्या. पस्तिशीच्या असतील. मी हे मनापासून सांगतो, इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ बार्गेनिंग मी क्वचितच बघितलंय. आवाज एकदाही चढला नाही. तीन डीलरकडून त्यांनी आधीच ईमेलवर कोटेशन मागवली होती, एकाच व्हेरियंटची, एकाच रंगाची, प्रत्येक आकडा सुटा लिहून. गाडीची किंमत, टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, आणि ते हँडलिंग का काय म्हणतात ते, सगळं वेगवेगळ्या ओळीत. लोन स्वतःच्या बँकेकडून मंजूर करून आणलेलं. आमच्या पोराने सवयीप्रमाणे पहिला प्रश्न टाकला, मॅडम महिन्याला हप्ता किती बसवायचाय, त्यावर त्या म्हणाल्या, "हप्त्याचं मी बघते, तुम्ही फक्त गाडीची किंमत सांगा." जुनी गाडी द्यायची आहे का विचारलं तर म्हणाल्या आहे, पण ते नंतर, आधी नवीचा आकडा कागदावर येऊ दे.

त्यांना कोणी शिकवलं माहीत नाही पण हे दोन्ही बरोबर आहे. नवी गाडी, जुनी गाडी आणि लोन हे तिन्ही एकदम टेबलावर आले ना, की एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं आम्हाला फार सोपं जातं. नवीवर घसघशीत डिस्काउंट, आणि जुनीची किंमत तेवढीच खाली. गिऱ्हाईक खूश, आम्ही पण खूश.

मी त्यांना म्हटलं ताई, तयारी दांडगी आहे तुमची. त्या म्हणाल्या, "एकटी बाई बघितली की पहिला आकडाच वेगळा निघतो, म्हणून कागद घेऊन फिरते." मला ते लागलं, पण खोटं म्हणता येईना. नंतर शोधत बसलो तेव्हा इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन संशोधकांचा १९९५ सालचा अभ्यास सापडला, शिकागो भागातला. माणसांना एकच बोलणं पाठ करून नव्या गाड्यांच्या डीलरकडे पाठवलं, ३०० च्या वर जोड्या, आणि तरी बायकांना आणि कृष्णवर्णीयांना गोऱ्या पुरुषांपेक्षा जास्त भाव सांगितला गेला. बोलणं तेच, वागणं तेच, फक्त समोरचा माणूस वेगळा. ते वाचून मला आमचा फ्लोअर डोळ्यासमोर आला.

असो. भाव ठरला, महिनाअखेर होती, आम्हाला टार्गेटच्या पुढच्या स्लॅबला दोन गाड्या कमी पडत होत्या आणि स्लॅब लागला की महिन्यातल्या सगळ्याच गाड्यांवर जास्तीचे पैसे मिळतात, म्हणून मी पण शेवटचं टोक गाठलं आणि सही केली. गाडी अलॉट करताना आमच्या लोकांनी गुपचूप ती १४३ दिवसांची लावली. ताईंनी उरलेले पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर मागितला आणि गाडी बघायचीये म्हणाल्या. यार्डात गेल्या, खाली बसल्या आणि टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टायरवरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३८२३ असेल तर २०२३ सालचा ३८वा आठवडा. नव्या गाडीचे टायर गाडीच्या थोडेच आधी बनलेले असतात, त्यामुळे गाडीच्या जन्माचा अंदाज येतो. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ही नको. किंवा हीच द्यायची असेल तर हिचा भाव वेगळा सांगा."

मी त्याच दिवशी त्यांना ९ दिवसांची दुसरी गाडी लावली, भाव तोच ठेवला. इथपर्यंत मला माझं काही चुकलं असं वाटत नाही.

आता काका. साठीच्या आसपासचे, रिटायर झालेले, सोबत मुलगी आणि नात. घरातली पहिली नवी गाडी, याआधी कायम सेकंड हँड वापरलेली. त्यांचं डील आमच्या नव्या पोराने केलं, मी फक्त शीट बघून सही केली. काकांनी पहिला प्रश्न विचारला, महिन्याला किती पडेल. हा प्रश्न आला की भाव हा विषयच संपतो हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. पोराने ६० महिन्यांचा हप्ता सांगितला, काकांचा चेहरा पडला, मग ८४ महिन्यांचा सांगितला आणि काकांना हायसं वाटलं. कोणीच त्यांना सांगितलं नाही की ९ टक्क्याने १०० चं कर्ज घेतलं तर ६० महिन्यांत व्याज साडेचोवीस जातं आणि ८४ महिन्यांत पस्तीस. हप्ता कमी झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असं वाटतं माणसाला. आणि हे तरी रिड्यूसिंगचं झालं, म्हणजे व्याज फक्त उरलेल्या कर्जावर, फ्लॅट रेट सांगणारे तर आणखी वेगळे, ते शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावतात, ७ टक्के फ्लॅट पाच वर्षांसाठी म्हणजे प्रत्यक्षात साडेबाराच्या घरात जातं, पण ७ हा आकडा ऐकायला किती गोड. लोक मॅट आणि सीट कव्हर फुकट मिळावं म्हणून अर्धा तास भांडतात आणि लोनच्या कागदावर न वाचता सही करतात, हे मी रोज बघतो आणि रोज जीव तुटतो.

काकांनी डिस्काउंट मागितलाच नाही. पोराने जो दाखवला त्याला थँक्यू म्हणाले. आणि त्यांना गाडी लागली ती ताईंनी नाकारलेली, तीच पांढरी. म्हणजे सगळ्यात जुनी गाडी, जवळजवळ पूर्ण किमतीत, आणि वर तिच्यावरचा कंपनीचा सपोर्ट आमच्याकडेच राहिला. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये जीएमने त्या डीलचं नाव घेऊन कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या.

दोघांची डिलिव्हरी एकाच शनिवारी आली. शेजारीशेजारी दोन पांढऱ्या सेडान, सारख्याच, वर सारखीच लाल रिबन. ताईंचा मुलगा आणि काकांची नात दोन मिनिटांत एकमेकांच्या गाडीत चढून हॉर्न वाजवायला लागले. मोठी माणसं पण मग बोलायला लागली. मी दोन टेबलं सोडून बसलो होतो आणि काकांचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं, "तुम्हाला कितीला पडली?"

ताईंनी आधी टाळायचा प्रयत्न केला, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पण काका सरळ माणूस, त्यांनी आपलाच कागद पुढे केला. मग ताईंनी पण दाखवला. फरक गाडीच्या किमतीच्या ५ टक्के होता. काकांच्या हिशोबाने जवळजवळ चार हप्ते.

त्यानंतर ताई हळूच काहीतरी बोलल्या आणि गाडीच्या पुढच्या चाकाकडे बोट केलं. काकांनी चष्मा वर सरकवला, एका हाताने बोनेटचा आधार घेतला आणि गुडघे सांभाळत खाली बसले. टायरला डिलिव्हरीसाठी पॉलिश मारलेलं होतं, ते आकड्यांच्या खाचेत साचलं होतं, काका ते अंगठ्याने पुसत राहिले. एक आकडा, मग दुसरा. अंगठा काळा झाला. मग उठून ताईंच्या गाडीचा टायर बघितला. मुलगी म्हणत होती बाबा राहू दे ना, आणि ते काहीच बोलत नव्हते.

माझ्या टेबलाशी आले तेव्हा मला वाटलं आता आवाज चढणार. मला चालला असता. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला कसं शांत करायचं ते येतं आम्हाला. काकांनी बिल टेबलावर ठेवलं, शेवटच्या ओळीवर तो काळा अंगठा उमटला, आणि म्हणाले, "मी मागितलं नाही म्हणून दिलं नाहीत. असंच ना?"

मी म्हटलं हो काका. दुसरं काय सांगणार होतो.

जीएमकडे गेलो. त्याचं म्हणणं ठरलेलं, बिल झालं, रजिस्ट्रेशन झालं, दोघं राजीखुशीने बोललेले, बाजारात प्रत्येकाला वेगळा भाव पडतोच. आणि मला हे पूर्ण चुकीचं वाटत नाही, खरंच. जी बाई आठवडाभर फिरली, तीन कोटेशन काढली, तिला त्या कष्टाचे पैसे मिळाले तर ते न्याय्यच आहे. शोरूमला भाडं आहे, पगार आहेत, नव्या गाडीवर लोकांना वाटतं तेवढं मार्जिन नसतं, आमचं बरंचसं लोन, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगवर चालतं. पण गाडी किती जुनी आहे हे लपवणं म्हणजे घासाघीस नव्हे. काका भाव करायला कमी पडले असतील, पण भाव कशाचा करायचा हेच आम्ही त्यांना कळू दिलं नव्हतं. तो सपोर्ट १४३ दिवसांच्या गाडीसाठी आला होता, तर ज्याने ती गाडी घेतली त्याचाच तो. एवढं एकच वाक्य मी त्या केबिनमध्ये वेगवेगळ्या शब्दांत पाऊण तास बोलत होतो.

शेवटी सपोर्टची रक्कम क्रेडिट नोटने परत द्यायचं ठरलं. ती ५ टक्क्यांपैकी साधारण २. लोन ८४ वरून ६० वर आणायचं मी स्वतः फायनान्सच्या टेबलावर बसून काकांना समजावलं, दोन्ही हिशोब कागदावर मांडून, मुलीने पण आकडेमोड केली आणि त्यांनी ६० घेतलं. उरलेले ३ टक्के राहिले ते राहिलेच.

नव्या पोरावर मी ओरडलो नाही. त्याला आम्हीच हे शिकवलंय. फिक्स पगार एवढासा, बाकी सगळं इन्सेन्टिव्हवर, आणि इन्सेन्टिव्ह कशावर तर प्रत्येक गाडीवर किती राखलं यावर, मग तो हप्त्याबद्दल विचारणारच. मी आमच्या कोटेशनमध्ये गाडी किती दिवस स्टॉकमध्ये आहे ती एक ओळ घालावी असं लेखी दिलंय. अजून उत्तर नाही. माझ्या टीमच्या कागदांवर मी ती हाताने लिहितो, त्यावरून दोनदा बोलणी खाल्ली.

काका पहिल्या सर्व्हिसिंगला आले होते. गाडी काचेसारखी ठेवलीये. मला बघून थांबले, नातीला म्हणाले काकांना हॅलो कर. मग म्हणाले मेव्हण्यांना गाडी घ्यायचीये, तुमच्याकडेच आणतो. मी विचारलं, माझ्याकडे का? म्हणाले, "तुम्ही हो म्हणालात म्हणून."

उद्या अकराला येतायत. त्यांना हवी तशा यार्डात तीन गाड्या आहेत, १२, ४० आणि १०७ दिवसांच्या, आणि १०७ वालीवर सपोर्ट आहे. स्टॉक शीटची प्रिंट काढून ठेवलीये, एजिंगच्या कॉलमसकट.